कच्च्या मडक्याची कसोटी

पूर्वी शिरीषनगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मला. त्याचे नाव मेघक. नगराच्या पूर्व वेशीबाहेर त्याचे चाक होते, मडकी भाजायचा आवा होता आणि हाताखाली माती होती. याहून जास्त त्याने कधी मागितले नाही. त्याची मडकी गळत नसत. त्याच्या बोलण्याचेही तसेच होते.

त्याच वेशीबाहेर, हमरस्त्याला लागून, एक झरा होता. झऱ्यापाशी जलदेवीचे कमरेइतके उंच देऊळ आणि शेजारी पाणपोई. तेथे वासवी नावाची म्हातारी राहत असे. चाळीस वर्षे ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत आली होती. कोणी आभार मानले तर म्हणे, "देवी पाजते. मी नुसतं ओगराळं धरते."

एके वर्षी रुचक नावाचा तार्किक नगरात आला. वादात त्याला कोणी हरवले नव्हते, आणि हे तो प्रत्येक गावात शिरताच सांगत असे. त्याने भर सभेत राजाला विचारले, "महाराज, जे सिद्ध होत नाही ते तुमच्या राज्यात चालतं कसं? वेशीबाहेरच्या त्या म्हातारीला विचारा, देवी आहे कशावरून? तिला सांगता आलं नाही, तर ती लोकांना फसवते असंच म्हणावं लागेल."

राजपुरोहित देवघोष ताडकन उठला. नगरातली सारी देवळे त्याच्या ताब्यात होती, आणि हेही. तो म्हणाला, "श्रद्धा वादाने सिद्ध होत नाही, पंडित. प्रचीतीने होते. वासवी कच्च्या मडक्यात झऱ्याचं पाणी आणून सभेत ठेवील. देवी खरी असेल तर मडकं विरघळणार नाही."

"आणि विरघळलं तर?"

पुरोहित रागाच्या भरात बोलून गेला, "तर देऊळ पाडा आणि बाईला सीमेपार घालवा!"

राजा या दोघांच्या भांडणाला कंटाळला होता. तो म्हणाला, "ठरलं. आजपासून सातव्या दिवशी." मडके मेघकाने करावे असा हुकूम झाला, कारण त्याच्यावर दोन्ही बाजूंचा भरवसा होता.

वासवीला कोणी विचारले नाही. सीमेपलीकडे तीन दिवसांच्या वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. सत्तरीच्या बाईला तिकडे घालवणे म्हणजे काय, हे नगरातल्या प्रत्येकाला कळत होते. राजदूत निरोप घेऊन आला तेव्हा ती पाणी गाळत होती. तिने ऐकून घेतले, दूताला पाणी दिले आणि म्हणाली, "बरं. मडकं मात्र फार जड करू नका म्हणावं. खांदा दुखतो."

चौथ्या दिवशी दुपारी पुरोहित मेघकाच्या अंगणात आला. पालखी त्याने दूर ठेवली होती.

"काय मेघका, माती कशी काय?"

"माती आहे तशी आहे, आचार्य."

पुरोहिताने आवाज खाली आणला. "मडकं थोडं भाजलंस आणि वरून ओल्या मातीचा हात फिरवलास, तर कच्चं दिसेल का रे?"

"दिसेल."

"मग तसं कर. म्हातारी वाचेल. आणि यापुढे नगरातल्या सगळ्या देवळांची मडकी तुझ्याच आव्यातली."

"आचार्य, मडकं देवी सांभाळणार होती ना?"

"सांभाळेल रे. पण आपणही थोडा हात लावावा."

पाचव्या दिवशी सकाळी रुचक आला. त्याच्यामागे पांढऱ्या बैलांची जोडी होती.

"कुंभारा, मातीत वाळू जास्त पडली तर मडकं लवकर ढासळतं ना?"

"ढासळतं."

"मग जरा सैल हाताने टाक. ही जोडी तुझ्या दारात बांधून जातो. माती वाहायला होईल."

मेघकाने चाक थांबवले. "पंडित, कच्चं मडकं पाण्यात विरघळतं हे माझ्या गाढवालाही ठाऊक आहे. मग वाळू कशाला?"

रुचक ओशाळला. "समजा, टिकलंच तर?"

दोघांनाही मेघकाने एकच उत्तर दिले. "मडकं सातव्या दिवशी सभेत मिळेल." बैल त्याने परत पाठवले.

मग तो बराच वेळ चाकापाशी बसून राहिला. बैलांचा मोह त्याला पडला नाही. देवळांच्या मडक्यांचाही नाही. पण एक गोष्ट त्याला टोचत होती. पुरोहिताचे ऐकले तर वासवी वाचत होती. एवढेसे खोटे, आणि एक जीव राहतो. करुणा असलेल्या माणसाला असले खोटे हे खोटेच वाटत नाही.

त्याने विचार केला. आज हे मडके टिकले तर लोक म्हणतील, कसोटी खरी आहे. उद्या कोणावर आळ आला की त्याच्या हाती कच्चे मडके देतील. परवा आणखी कोणाच्या. प्रत्येक वेळी कुंभार खोटे बोलायला तयार असेल असे नाही. एका वासवीला वाचवून आपण शंभर वासवी बुडवू. आणि वाळू घातली, तर आजच एक बुडते. म्हणजे मडके कसेही केले तरी चूक आहे. मोडायची आहे ती कसोटीच.

तो उठला आणि त्याने मातीत पाणी घातले.

सातव्या दिवशी सभा भरली. वासवी पुढे उभी राहिली. मेघक तीन मडकी घेऊन आला आणि राजापुढे ओळीने मांडली.

राजा म्हणाला, "एक सांगितलं होतं."

"होय महाराज. पण मागण्या तीन झाल्या. हे पहिलं पुरोहितांच्या मागणीचं. हे दुसरं पंडितांच्या. आणि हे तिसरं, तुमच्या हुकुमाप्रमाणे, साधं कच्चं. दिसायला तिन्ही सारखी आहेत. आता पाणी घाला."

सेवकांनी पाणी घातले. दुसरे मडके बघता बघता खचले. तिसऱ्याने थोडा दम धरला, मग त्याचाही तळ सुटला. पहिले मात्र काठोकाठ भरून उभे राहिले. मेघकाने त्याच्यावरून ओला हात फिरवला. वरची माती निघाली आणि खालून भाजलेला तांबडा रंग दिसला.

"महाराज, तीन वेळा पाणी घातलं. तिन्ही वेळा जे झालं ते मातीमुळे झालं. या कसोटीत देवी कळत नाही. फक्त कुंभार कळतो."

सभेत कोणी हसले. कोणी मान खाली घातली. वासवी मात्र पुरोहिताकडे वळली.

"देवघोषा, माझा जीव पणाला लावलास तेव्हा मी काही बोलले नाही. म्हटलं, याचा देवीवर केवढा भरवसा! आणि तू मडकं भाजायला सांगितलंस?"

मग ती रुचकाकडे वळली. "आणि तू रे पंडिता? याचा देवीवर भरवसा नव्हता, तर तुझा तरी तर्कावर कुठे होता?"

राजा संतापला. दोघांना दंड करावा म्हणून त्याने मंत्र्याकडे पाहिले. मेघकाने हात जोडले. "महाराज, दंड राहू द्या. भीतीने दोघांचाही तोल गेला. प्रश्न पंडितांनी चांगला विचारला होता. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही."

"मग तू सांग. श्रद्धा खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?"

"बाजारात मडकं कसं घेतात, महाराज? बोटाने वाजवून. खणखणीत वाजलं तर घरी नेतात, बद्द वाजलं तर ठेवून देतात. वाजवणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. उलट तडा आहे की नाही ते मलाही कळतं. श्रद्धेलाही तसंच वाजवावं. पंडितांनी वासवीआईंना विचारावं. कोणी ओरडायचं नाही. आईंनी खरं ते सांगावं."

राजाने संमती दिली. वासवीने खाली बसायची परवानगी मागितली, कारण गुडघे दुखत होते. रुचकही तिच्यासमोर जमिनीवरच बसला. उभ्याने विचारणे त्याला प्रशस्त वाटेना.

"आई, तुम्ही देवी पाहिलीत का?"

"नाही."

"मग ती आहे कशावरून?"

"तरुणपणी मी तांड्यातून मागे राहिले. तीन दिवस पाणी नव्हतं. पडले ती झऱ्यापाशी. शुद्धीवर आले तेव्हा तोंड पाण्यात होतं. तेव्हापासून वाटतं, कोणीतरी मला पाजलं."

"झरा खडकातून येतो. तुम्ही योगायोगाने तिथे पडलात. तिथे देवी होती असं यावरून ठरत नाही."

"नसेल ठरत."

"मग देवी कशाला म्हणता?"

"बाबा, उपकार झाला आणि उपकार करणारा दिसला नाही, तर माणसाने काय करावं? मी त्याला नाव दिलं. आणि फेड म्हणून पाणी पाजते. तू नाव काढून घे हवं तर. फेड मी थांबवणार नाही."

रुचकाने राजाकडे पाहिले. "महाराज, ही सिद्धता नव्हे. पण यात फसवणूकही नाही. जे माहीत नाही ते माहीत आहे असं ही बाई म्हणत नाही." मग तो पुन्हा तिच्याकडे वळला. आता त्याच्या आवाजात जिंकण्याची घाई नव्हती. "पाणी सगळ्यांना देता?"

"सगळ्यांना. चोर आला तरी. त्यालाही तहान असतेच."

"रोज?"

"रोज. अमावास्या सोडून."

"अमावास्येला का नाही?"

"त्या दिवशी देवी विसावा घेते. झरा आणि पाणपोई झाकून ठेवायची. माझ्या आधीच्या बाईंनी असंच सांगितलं होतं."

"अमावास्येला वाटसरूंना तहान लागत नाही का?"

वासवीने तोंड उघडले आणि मिटले. मेघक हळूच म्हणाला, "आई, इथे बद्द वाजलं."

म्हातारी जमिनीकडे पाहत राहिली. तिला राग आला असावा असे लोकांना वाटले. पण ती हिशेब करीत होती. शेवटी ती म्हणाली, "मी झऱ्यापाशी पडले त्या दिवशी अमावास्या असती तर? झरा झाकलेला असता. मी दारात मेले असते. आणि देवी विसावा घेतेय म्हणून कोणी उठलं नसतं." तिने पदराने डोळे पुसले. "चाळीस वर्षांत किती अमावास्या झाल्या, बाबा! मला कोणी विचारलंच नाही."

"मीही जिंकायलाच आलो होतो, विचारायला नव्हे," रुचक म्हणाला.

"देवीला विसावा हवा असेल तर घेऊ दे बापडीला," वासवी उठता उठता म्हणाली. "त्या दिवशी मी आहे ना."

राजाने निकाल दिला. देऊळ राहील. वासवी राहील. कच्च्या मडक्याची कसोटी त्या राज्यात पुन्हा कोणी कोणाला लावणार नाही. मेघकाला त्याने नगरातले घर देऊ केले. मेघक म्हणाला, "माती वेशीबाहेर आहे, महाराज." आणि तो घरी गेला.

पुढच्या अमावास्येला पाणपोई उघडी होती. वासवीचा खांदा दुखत होता म्हणून ओगराळे रुचकाने धरले होते. तो प्रत्येकाला सांगत होता, "मी देवी मानत नाही. तहान मानतो."

"मानू नकोस," वासवी आतून म्हणाली. "पण धार बारीक धर. निम्मं पाणी खाली चाललंय."

बोधिसत्त्व पुढे बुद्ध, म्हणजे भिक्खूंचे शास्ते, झाले आणि त्यांनी ही कथा विहारात सांगितली. दोन भिक्खू सकाळपासून वाद घालत होते. एक म्हणत होता, श्रद्धा असली की तर्काची गरज नाही. दुसरा म्हणत होता, तर्क असला की श्रद्धेची गरज नाही. दोघांची भिक्षापात्रे रिकामीच राहिली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आपल्याला ही जागा देणारा गृहपती मणिभद्र. वासवी म्हणजे उपासिका मालिनी. कुंभार मीच होतो. आणि पुरोहित व तार्किक म्हणजे तुम्ही दोघे."

धाकट्या भिक्खूने भीत भीत विचारले, "भंते, आमच्यातला पुरोहित कोण आणि तार्किक कोण?"

"आलटून पालटून," शास्ते म्हणाले.

विहारात हशा पिकला. ते दोघेही हसले. मग शास्ते पुन्हा बोलले. "लोक म्हणतील, कुंभाराने सत्य पाळले. सत्य तर त्याने पाळलेच. पण खोट्याने एक जीव वाचत असताना पुढचे शंभर जीव त्याला दिसले. त्याने श्रद्धा मोडली नाही. तिला तपासू दिले. भिक्खूहो, ही प्रज्ञेची पारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."