तोंडात धरलेलं पिल्लू

फार पूर्वी एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर एक मांजरी आपल्या दोन पिल्लांसोबत राहायची. एका सकाळी तिथल्या गोणपाटाला बोक्याचा वास आला आणि तिच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले.

"आपण पलीकडच्या पेठेतल्या गोठ्यात राहायला जाऊ," ती म्हणाली.

"तिकडे बोका नाही?" थोरलीने विचारलं.

मांजरीने तिची मान दातांत धरली आणि ती रस्त्यावर उतरली. धाकटा माळ्यावर एकटाच राहिला.

वाटेत थोरली लोंबकळत विचारत होती, "तोवर बोक्याने धाकट्याला गाठलं तर? गोठ्यातही बोका असला तर? आई, बोल ना गं!"

मांजरी धावत सुटली. तोंड उघडलं तर पोर पडेल, हे एक बरं होतं. उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं.