इठाक्काची तिसरी प्लेट

यातला एक शब्द खरा धरशील तर तू येडा. आणि खोटा म्हणायचा असंल तर आधी बिडाची प्लेट एका हातानं उचलून दाव, मग बोलू. नाही ना उचलत? मग ऐक गुमान.

"मेस्त्री, आता माझं शिकायचं काय राहिलं, तेवढं सांगा."

हिंदुरावनं असं विचारलं, ते खंडेनवमीच्या सकाळी. कारखाना लेथचा. यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखी उभी होती. हिंदुराव त्यांच्याहून नटलेला. पांढरी पॅन्ट, इस्त्रीची. कारखान्यात.

महिपती मेस्त्रीचा तो शेवटचा दिवस. तीस वर्षं त्यानं एकच काम केलं. लेथचा बेड, म्हणजे यंत्राची लोखंडी बैठक, हातानं खरवडून सपाट करायचा. मशीन सपाट करतं ते डोळ्याला, मेस्त्री करायचा ते बोटाला. केसाचा चौथा हिस्सा वर राहिला तरी त्याला घास गोड लागायचा नाही.

जाताना तो आपला स्क्रेपर, ते खरवडायचं हत्यार, कुणाच्या तरी हातात देणार होता. ज्याच्या हातात स्क्रेपर, त्याची ती जागा. अकरा वर्षं हिंदुराव त्या स्क्रेपरकडं बघत होता, सासऱ्याच्या जमिनीकडं जावयानं बघावं तसा.

पेढे त्यानं आधीच आणले होते. दोन किलो. बायकोला सांगूनबी आला होता.

मेस्त्री तंबाखू मळत राहिला...

"बोला की."

"तुझी प्लेट आण."

शिकणाऱ्यानं दीड वीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, प्लेट स्वतः सपाट करायची, हा मेस्त्रीचा रिवाज. शेंदूर तेलात कालवायचा, मेस्त्रीच्या प्लेटीला पातळ लावायचा. आपली प्लेट त्यावर पालथी घालून घासायची आणि उचलून बघायची. जिथं उंचवटा, तिथं शेंदूर लागतो. तेवढंच खरवडायचं, पुन्हा बघायचं. सगळीकडं सारखे ठिपके उठले की जमलं.

हिंदुरावच्या प्लेटीवर ठिपके उठले. मधे, कडेला, चारी कोपऱ्यांत. गोवर उठल्यावानी. कारखान्यातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"तंतोतंत," हिंदुराव म्हणाला. "तुमच्या प्लेटीशी तंतोतंत."

"व्हय. माझ्याशी तंतोतंत."

आणि मेस्त्रीनं लांब हाक घातली, "इठाक्के, तुझी आण गं."

पोरं हसली. इठाक्का म्हणजे झाडलोट करणारी बाई. शाळा चौथी, तीबी नापास. जीभ कात्रीसारखी. परवाच तिनं हिंदुरावच्या टोपीत मागनं झेंडूचं फूल खोवून त्याला दिवसभर तसंच हिंडवलं होतं. दिसायला मात्र देखणी, कोण काय म्हणंल ते म्हणू दे.

साहेबानं दोन वर्षांमागं भिंतीवर पाटी लावली होती, 'शिकत राहा'. वर्गबी काढला होता, चहाबिस्किटासकट. बिस्किटं संपली, वर्ग संपला. पाटी राहिली. ती पुसायचं काम इठाक्काचं. रोज पुसताना एकेक अक्षर लावून वाचायची. दोन वर्षं वाचलं तर दगडालाबी कळंल.

ती आली. फडक्यात गुंडाळलेली प्लेट कडेवर, लेकरू घ्यावं तशी.

"ही कुठली गं?" हिंदुरावनं विचारलं.

"भंगारातली. तुम्हीच फेकलेली, हिंदुरावदादा. मोडकी कानसबी तुमचीच. तिला धार लावून स्क्रेपर केला. तुम्ही फेकता चांगलं."

मेस्त्रीनं तिच्या प्लेटीला शेंदूर लावला. त्यावर हिंदुरावची पालथी घातली.

"कोपऱ्याला बोट लाव."

हिंदुरावनं लावलं. प्लेट गरकन फिरली. जागच्या जागी, भिंगरीवानी.

त्यानं ती धरली. उचलून बघितलं. बरोबर मधे एकच लाल ठिपका, रुपयाएवढा. बाकी सगळी कोरी.

"हिचीच वाकडी असणार."

"आता माझी ठेव."

मेस्त्रीची ठेवली, घासली, उचलली. चारी कडा लाल. मधे कोरीकरकरीत.

मेस्त्री वाकून बघत राहिला... मग डोक्यावरची टोपी काढून आपल्या टकलावर हात फिरवला.

"माझ्यासारखीच झाली की रे. मधनंच गेली."

आणि असा हसला की तंबाखू घशात गेली.

तीस वर्षं सगळे मधेच घासत आले होते. प्लेट मधे खोल गेली. तिच्याशी जुळता जुळता हिंदुरावची मधे फुगली.

"तुझी खरी कशावरनं?" हिंदुरावचा आवाज बारीक झाला होता.

"माझ्याकडं तीन हायत," इठाक्का म्हणाली. "मेस्त्रींच्या प्लेटीला मला हात कोण लावू देतंय? तुम्हीच म्हणाला होता, झाडूचा हात लावू नको. मग मी दोन केल्या माझ्या माझ्या. दोघींचं लई जुळलं. तवा मला माझ्या जावा आठवल्या. दोघींचं एवढं गोड जमलं की समजावं, दोघी मिळून खोटं बोलाय लागल्यात. म्हणून तिसरी केली. तिनं दोघींचं बाहेर काढलं. मग तिघींना आळीपाळीनं एकमेकींवर घासत बसले. दुपारच्या सुट्टीत. मेस्त्री लांबनं बघत असायचे."

"किती दिवस?"

"पाटी लावल्यापासनं."

पोरं वाकून प्लेटीकडं बघाय लागली.

"पण मेस्त्री," हिंदुराव म्हणाला, "अकरा वर्षं तुम्ही केलं तसंच मी केलं. माझं चुकलं कुठं?"

मेस्त्रीनं शेंदरात बोट बुडवलं. हिंदुरावच्या कपाळाच्या बरोबर मधे टेकवलं.

"हितं."

मग तेच बोट पुन्हा बुडवून त्यानं आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्या रंगवल्या.

"आणि माझं हितं."

हिंदुरावनं पुसायला हात वर नेला. समोर लेथचा चक, काम धरून फिरणारी ती चकचकीत थाळी. त्यात तो दिसला, मधे लाल. शेजारी मेस्त्री, कडेला लाल. दोघांच्या मागं माळ घातलेलं यंत्र. हात तिथंच थांबला. रागानं ओठ आवळायला गेला, तर ओठ ऐकेनात. हसू फुटलं. पांढऱ्या पॅन्टीवर शेंदूर सांडला, तरी हसतच होता.

हसणं सरलं तशी मेस्त्रीनं स्क्रेपर तिघांच्या तीन प्लेटींच्या मधे ठेवला.

"ज्याची प्लेट खरी त्याचा स्क्रेपर. मी आज जाणार, माझं काय धरू नका. हिंदुराव, तूच सांग. कुणाची खरी?"

पेढ्यांचा खोका बाकावर होता. हिंदुरावनं त्याच्याकडं बघितलं. घरी बायको कुणाकुणाला सांगून बसली असंल, ते आठवलं. मग इठाक्काच्या हाताकडं बघितलं. नखात लाल. दोन वर्षं त्याला वाटत होतं, बाई नटते.

त्यानं स्क्रेपर उचलला. 

मूठ तिच्याकडं करून त्यानं तो पुढं धरला.

"आक्का, धर."

कारखान्याचे मालक पूजेचा नारळ घेऊन दारात उभे होते. मेस्त्री त्यांच्याकडं न बघताच म्हणाला, "झाडायला दुसरं माणूस बघा, मालक. ही बाई आता माझ्या जागेवर."

मालकांनी नारळ या हातातनं त्या हातात घेतला... होकाराची मान हलवली.

इठाक्कानं स्क्रेपरला अंगठा लावून धार बघितली. दुसऱ्या हातात झाडू होताच.

"आणि हे कुणाला देऊ?"

"हिकडं आण," हिंदुराव म्हणाला. "दुसरं माणूस मिळंपर्यंत केर मी काढतो. दुपारच्या सुट्टीत मला तिसरी प्लेट शिकीव."

"कोपरे आधी काढा, हिंदुरावदादा. मधेच नका झाडत बसू."

हिंदुराव वाकला. इस्त्रीच्या पॅन्टीत, कपाळाला शेंदूर, अकरा वर्षांचा भुगा कोपऱ्यातनं ओढत पुढं सरकू लागला. मागं कुणाची तरी चप्पल वाजली. वळून बघतो तर महिपती मेस्त्री. काखेत स्वतःची झिजलेली प्लेट, तोंडात हिंदुरावचाच पेढा.

"मेस्त्री, तुम्ही? तुमचा तर आज शेवटचा दिवस."

"म्हणून तर शिकायची घाई हाय. सरक पुढं."

...

असं बघतोस काय? पटत नसंल तर नको पटू दे. तो तिथं झाडू हाय. कोपरे काढ, आणि जा आता.