खांडबहाले साहेबांनी माणसं टिकवली

एका छावणीच्या गावात एक भोळा साहेब होता. आडनाव खांडबहाले. भोळा म्हणायचं ते पिकल्या केसांकडे बघून. पोरं पाठीमागं ठोंब्याच म्हणत.

दारूगोळ्याची कुठली गाडी कुठं जाणार, हे सगळं त्यांच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरांत असायचं. त्यात चोर शिरू नये म्हणून बिनवर्दीची तीन पोरं राखणीला होती. साहेबांचं काम एकच, ही पोरं टिकवायची.

पहिला अन्वर. त्याला खाजगी कंपनीनं बोलावलं. साहेब म्हणाले, "बरं, जा."

साहेबांच्या वरचे कर्नल फोनवर कडाडले, "अहो, जाऊ काय देता? जाणाऱ्याला अडवायचं! दाराला कुलूप घाला हवं तर!" कर्नल स्वतः कधी फिरकायचे नाहीत. अक्कल फोनवरूनच पाठवायचे.

"चुकलंच साहेब. पुढच्या वेळी घालतो."

दुसरा विराज. तो बॅग घेऊन हैदराबादला ट्रेनिंगला निघाला. साहेबांनी फाटकाला कुलूप घातलं.

"सर, गाडी सुटेल माझी!"

"सुटू दे. तू सुटायचा नाहीस."

विराजनं भिंतीवरून उडी मारली. तो परत आलाच नाही.

कर्नल म्हणाले, "अहो शहाणे, शिकायला निघालेल्याला कोणी कोंडतं? त्याला हार घालायचा, पेढा भरवायचा, गाडीनं स्टेशनवर सोडायचं!"

"चुकलंच साहेब. पुढच्या वेळी सोडतो."

उरली नलिनी. तिघांचं काम ती एकटी ओढत होती, वर साहेबांचा प्रिंटरही तीच दुरुस्त करायची. एक दिवस ती म्हणाली, "सर, ट्रेनिंग नाही, बढती नाही. असंच चाललं तर मी राजीनामा देईन."

तिला जायचं नव्हतं. "थांब, बघतो काहीतरी," एवढंच तिला ऐकायचं होतं.

साहेबांनी हार मागवला. तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि तिला गाडीत बसवलं.

"सर, मी नुसतं विचारत होते..."

"लाजू नकोस पोरी. ड्रायव्हर, स्टेशन!"

कर्नलनी घाईनं फोन लावला. "अहो, आता राखणीला कोण? ऐका, काम जाणणारा कोणी आपणहून आत आला, तर तो मागेल ते द्या. पण हातचा जाऊ देऊ नका!"

"आता नाही चुकणार साहेब."

दोन दिवसांनी साहेबांचाच फोन. आवाजात नुसता आनंद.

"साहेब, हिरा मिळाला! आपणहून आत आला. नलिनीनं कॉम्प्युटरला घातलेली सगळी कुलपं एकट्यानं उघडली!"

"कोण हा? नाव काय?"

"नाव सांगत नाही. गर्व म्हणून नाही बघा. आमचे पासवर्ड मागितले, मी लगेच देऊन टाकले."

कर्नल खुर्चीतून ताडकन उठले.

"आणि साहेब, आता तुमचा मागतोय. पटकन सांगा. ताटकळत ठेवला तर हाही सोडून जायचा."