ठिणगी मुंगी आणि सगळ्यांचं आत्ता

ऐका हं. पाय पोटाशी घ्या. कान इकडे द्या.

एक होतं गुऱ्हाळ. तिथे मोठ्ठ्या कढईत उसाचा रस उकळायचा. रटरट! रटरट! रसाचा व्हायचा गूळ. त्या कढईचं नाव काहील. आणि गूळ करणारे ते बापू.

गुऱ्हाळाजवळ होतं एक बीळ. बिळात राहायची ठिणगी. ठिणगी म्हणजे लाल मुंगी. तिळाएवढी! पण राग? राग भोपळ्याएवढा!

गुऱ्हाळाची एक रीत होती. गूळ झाला, की पहिला खडा मुंग्यांचा. बापू तो खडा दगडावर ठेवायचे. मुंग्या तो घरी न्यायच्या. बाकीच्या गुळाला कुणी तोंड लावायचं नाही. रीत म्हणजे रीत!

आज खडा आणायची पाळी ठिणगीची. पहिलीच पाळी. घरी चौदा बाळमुंग्या भुकेल्या होत्या. ठिणगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दगडावर चढली. बघते तर काय? खडा नाही! दगडामागे बघितलं. खडा नाही! बापूंनी सगळ्या गुळाच्या ढेपा बांधल्या होत्या. मुंग्यांना साफ विसरले होते.

"म्हणजे काय!" ठिणगी लाल लाल झाली. होतीच लाल. आणखी लाल झाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बापूंकडे.

"बापू, बापू, माझा खडा द्या! आत्ता!"

बापू पान चघळत होते.

"अगं बाई, विसरलोच की! देतो, आत्ता देतो. दुसरी काहील चढवलीय बघ. पण चुलाण पेटेना. चुलाण पेटलं, की आत्ता!"

असं म्हणाले, आणि बसले पान चघळत. बापूंचं आत्ता म्हणजे पान संपल्यावर. आणि पान होतं केवढं! हाताएवढं.

ठिणगीला आला राग. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली चुलाणाकडे. चुलाण म्हणजे काहिलीखालची मोठ्ठी चूल.

"चुलाणा, चुलाणा, पेट की! आत्ता!
बापू गूळ देईनात.
जो तो म्हणतो आत्ता, आत्ता!
मग माझा खडा कुठंय आत्ता?"

चुलाण धुरकटलं. फुस्स! फुस्स!

"पेटतो, आत्ता पेटतो. पण खायला चिपाड कुठंय? हौसामावशी चिपाड आणीना. तिनं आणलं, की आत्ता!"

चिपाड म्हणजे रस काढून वाळवलेला ऊस. तेच चुलाणाचं जेवण. असं म्हणालं चुलाण, आणि बसलं धूर सोडत. फुस्स! फुस्स! ठिणगीच्या नाकात धूर गेला. आता तर ती फारच चिडली.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली हौसामावशीकडे.

"मावशी, मावशी, चिपाड आण की! आत्ता!
चुलाण पेटेना.
बापू गूळ देईनात.
जो तो म्हणतो आत्ता, आत्ता!
मग माझा खडा कुठंय आत्ता?"

मावशी वेणी घालत होती. लांब लांब वेणी.

"आणते की गं, आत्ता आणते! पण चिपाडाच्या ढिगावर बैल बसलाय. बैल उठेना. तो उठला, की आत्ता!"

असं म्हणाली, आणि पहिला पेड घातला. मग दुसरा. मग म्हणाली, "छे, वाकडी झाली." आणि सगळी वेणी सोडली! कधी व्हायची हो ही वेणी?

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बैलाकडे. बैल केवढा! ठिणगी केवढी! पण घाबरते कोण?

"बैला, बैला, ऊठ की! आत्ता!
मावशी चिपाड आणीना.
चुलाण पेटेना.
बापू गूळ देईनात.
जो तो म्हणतो आत्ता, आत्ता!
मग माझा खडा कुठंय आत्ता?"

बैलानं एक डोळा उघडला. फुर्रर्र!

"उठतो, आत्ता उठतो. पण माझ्या कानात गोचीड बसलीय. चावते, चावते, डोकं जड झालंय. बगळा गोचीड काढीना. त्यानं काढली, की आत्ता!"

असं म्हणाला, आणि उघडलेला डोळा मिटला.

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बगळ्याकडे. बगळा बांधावर उभा. एका पायावर.

"बगळ्या, बगळ्या, गोचीड काढ की! आत्ता!
बैल उठेना.
मावशी चिपाड आणीना.
चुलाण पेटेना.
बापू गूळ देईनात.
जो तो म्हणतो आत्ता, आत्ता!
मग माझा खडा कुठंय आत्ता?"

बगळ्यानं मान वाकडी केली.

"जातो, आत्ता जातो. पण माझा पंख बघ. काकवी सांडली, पंख चिकटला. उघडेना, मिटेना. कुणीतरी काकवी काढली, की आत्ता!"

काकवी म्हणजे पातळ पातळ गूळ. चिकट चिकट!

"कुणीतरी म्हणजे कोण?" ठिणगी ओरडली.

"कुणीतरी म्हणजे... कुणीतरी," बगळा म्हणाला. आणि पाय बदलला.

ठिणगीनं सहाही पाय आपटले. टप टप टप, टप टप टप!

"बगळा गोचीड काढीना!
बैल उठेना!
मावशी चिपाड आणीना!
चुलाण पेटेना!
बापू गूळ देईनात!
जो तो म्हणतो आत्ता, आत्ता!
मग माझा खडा कुठंय आत्ता?"

बांधावर कुणीच नव्हतं. पुढे कुणाकडे जायचं? कुणाकडेच नाही. ठिणगीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग बघितलं बगळ्याच्या पंखाकडे.

"पंख खाली कर," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता!"

म्हणाली, आणि चढलीसुद्धा! चाट चाट, चाट चाट. एक पीस सुटलं. चाट चाट, चाट चाट. दुसरं पीस सुटलं. जीभ दुखली, पोट टम्म झालं, तरी थांबली नाही. शेवटचं पीस सुटलं. फडफड! पंख उघडला.

बगळा आत्ता म्हणाला का? नाही म्हणाला. उडाला! बसला बैलाच्या डोक्यावर. चोचीत धरली गोचीड. टुच्च! काढली.

बैल आत्ता म्हणाला का? नाही म्हणाला. फुर्रर्र! उठला.

मावशी आत्ता म्हणाली का? नाही म्हणाली. अर्धी वेणी तशीच ठेवली. चिपाड उचललं, चुलाणात घातलं.

चुलाण आत्ता म्हणालं का? नाही म्हणालं. धडधड! धडधड! पेटलं.

रस उकळला. रटरट! रटरट! घोटून घोटून घट्ट झाला. पिवळा पिवळा गूळ झाला. वास सुटला घमघम.

"पोट भरलं ना तुझं काकवीनं?" बापू ठिणगीला म्हणाले. "मग खडा उद्या नेलास तर?"

"नाही!" ठिणगी म्हणाली. "पोट माझं भरलं. खडा माझ्या घरचा आहे. रीत म्हणजे रीत!"

बापूंनी कान पकडले. पान टाकलं. पहिला खडा काढला, दगडावर ठेवला. ठिणगी धावली.

"अगं अगं, थांब! गरम आहे, पोळशील!" बापू म्हणाले. "निवू दे. आत्ता..."

ठिणगीनं बापूंकडे बघितलं. असं बघितलं, असं बघितलं, की बापूंनी जीभच चावली.

"बरं, आत्ता नाही म्हणत," बापू म्हणाले. "पाच फुंकरा. मोजून पाच. चालेल?"

"चालेल," ठिणगी म्हणाली.

बापू खाली बसले. फूऽऽ एक. फूऽऽ दोन. तुम्हीपण घाला बरं फुंकर! फूऽऽ तीन. फूऽऽ चार. फूऽऽ पाच. खडा झाला गार.

ठिणगीनं खडा डोक्यावर घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु. बिळातून चौदा बाळमुंग्या ओरडल्या, "ठिणगीताई, ठिणगीताई, खडा कधी आणणार?"

"आत्ता!" ठिणगी म्हणाली.

आणि आलीसुद्धा.