अध्यक्षांची जांभई

नववीतल्या केतकीला टूरेट सिंड्रोम होता. मनात नसताना तिची मान झटकन वळायची आणि घशातून ‘हुक्’ असा आवाज निघायचा. वर्गातली पोरं नक्कल करायची, म्हणून एके दिवशी ती मैत्रिणींना घेऊन सभागृहात उभी राहिली आणि हे काय असतं ते सगळ्यांना सांगू लागली. मध्येच ‘हुक्’ झालं. लगेच व्यासपीठावर बसलेले शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष इंगवलेसाहेब उठले आणि त्यांनी माईक ओढून घेतला.

“सगळी थेरं! मन खंबीर असलं की शरीर हुकमाबाहेर जात नाही. माझं बघा!”

“कधीच जात नाही, साहेब?” केतकीने विचारलं.

“कधीच नाही!”

केतकीने मैत्रिणींकडे बघत सावकाश तोंड वासलं आणि लांबलचक जांभई दिली. मैत्रिणी समजल्या. त्यांनीही दिल्या. बघता बघता अख्खं सभागृह जांभया देऊ लागलं. साहेबांनी दात आवळले, नाकपुड्या फुगवल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी माईकसमोरच त्यांचा जबडा उघडला. “आऽऽऽ” थेट मैदानापर्यंत ऐकू गेलं.

पोरं खदखदली. केतकी कडाडली, “हसायचं नाही! साहेबांनी मुद्दाम नाही केलं. हुक्! मीही नाही करत. आता माईक द्या, साहेब. माझं बोलणं अर्धं राहिलंय.”