घोड्याच्या वासाची मुळी

फार मागं एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही हं. त्याच्या घोड्यांची निगा राखणाऱ्या धारोजीची आहे. धारोजीकडं एक घोडी होती, पाकोळी. म्हातारी झाली म्हणून राजानं तिला हाकललं, तर यानं ती घरी आणली. त्याची बायको भिवरा तिला आपल्या ताटातली भाकर भरवायची.

एकदा काय झालं, भिवराच्या अंगातलं बळ आटायला लागलं. ताप नाही, खोकला नाही. आधी घागर उचलेना, मग तांब्या उचलेना. मग तर पापणीसुद्धा जड झाली.

धारोजी पाकोळीवर बसून राजवैद्याकडं गेला. वैद्यानं काढे दिले. गुण आला नाही. मग डोंगरावरच्या साधूकडं गेला. साधूनं अंगारा दिला. तरी गुण नाही. भिवरा म्हणाली, "आता कुठं जाऊ नका. माझ्याजवळ बसा." पण त्याला बसवतंय कुठलं? मग तो पार रानापल्याड, जाणत्या म्हातारीकडं गेला.

म्हातारी म्हणाली, "तिचं बळ संपलं, बाबा. आता कुणी आपलं दिलं तरच."

"माझं घे की, माय!"

"माणसाचं बळ माणसाला लागत नाही. घरी जा. शेवटचं तोंड तरी बघ तिचं."

पाकोळी तिथंच उभी होती, बरं का. कान टवकारून.

परतताना माळावर ती थांबली. धारोजी खाली उतरला. तिनं गुडघे टेकले, तो शेजारी बसला तशी त्याच्या मांडीवर मान टाकली आणि गेली. धारोजीनं हातांनी माती उकरली. नखं फुटली. तिला पुरलं आणि तिथंच पडून राहिला. रडूही येईना. घरी जाऊन बघायचं तरी काय? त्याला वाटलं, आपल्यावरही अशीच माती पडावी.

उजाडलं, तर त्या मातीतून एक झुडूप वर आलेलं. टोपड्यासारख्या पातळ सालीत लाल लाल फळं. त्याला राग आला. माझ्या घोडीच्या उरावर हे कशाला? म्हणून त्यानं ते उपटलं. तर मुळीला वास! घामेजलेल्या पाकोळीचा वास. ती मुळी छातीशी धरून तो घरी गेला.

भिवराला डोळे उघडवत नव्हते. पण तिला वास आला. पुटपुटली, "पाकोळी आली?"

धारोजीला म्हातारीचं बोलणं आठवलं, कुणी आपलं बळ दिलं तरच. त्यानं मुळी दुधात उकळली आणि पळीपळीनं तिला पाजली. रोज पाजली. मग हळूहळू तिची बोटं हलली. मग ती उठून बसली. मग एक दिवस दारात आली.

लोक विचारायचे, "कसली रे ही मुळी?" पाकोळीचं नाव काही त्याला घेववायचं नाही. तो एवढंच म्हणायचा, "घोड्याचा वास." गावच्या शास्त्रीबुवांनी त्याचंच संस्कृतात केलं अश्वगंधा. अश्व म्हणजे घोडा, गंध म्हणजे वास. हल्ली ताकदीच्या पेयांच्या डब्यांवर लिहिलेलं असतं ना, तेच हे नाव.

मग भिवरा आणि धारोजी सुखानं नांदले, म्हातारे झाले. दारातला रिकामा खुंटा मात्र त्यानं शेवटपर्यंत उपटला नाही.

झालं. घ्या पांघरुणं, मिटा डोळे.