नागनाथचा ताप

“आणि पहिल्याच दिवशी तू आडवा झालास तर?” मठाधिपती रेवणबाबांनी विचारलं.

नागनाथला हसू आलं. घाटापलीकडे फ्लूची जबर साथ पसरली होती. घरटी दोघं-तिघं अंथरुणाला खिळली होती. साथ इकडे यायच्या आत मठाच्या या पट्टशिष्यानं गावासाठी कंबर कसली होती. धान्य भरलं, तोंडाला बांधायची फडकी शिवून घेतली, आजाऱ्यांसाठी पडवी वेगळी काढली, औषधं कुलपात ठेवली. किल्ली कनवटीला.

“मला काय धाड भरलीय, बाबा? सगळं इथं आहे.” त्यानं डोक्यावर बोट ठेवलं.

“आज तुला ताप आहे. झोप.”

“ताप?... मला?”

“झोप म्हटलं ना, लेका.”

नागनाथ मुकाट्यानं घोंगडीखाली शिरला. बाबांनी अंगणातल्या मंडळींना हाक दिली, “साथ आली असं धरून चाला. नागनाथ आजारी आहे. लागा कामाला!” आणि ते त्याच्या उशाशी येऊन बसले.

मग काय, एकच गोंधळ! स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तुळसाक्काला औषधांची किल्ली सापडेना. गावात एकटी राहणारी माणसं कोण, ते कुणालाच सांगता येईना. नागनाथ तोंड उघडणार, तोच बाबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“तापात शुद्ध नसते रे, बाळा.”

तो नुसता तळमळत राहिला...

दुपार कलली. काठी आपटत आंधळी जिजाक्का दारात आली. एकटा जीव. नागनाथ तिला रोज पेज नेऊन द्यायचा, पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“पेज आली न्हाई, तवाच वळखलं, पोराला बरं न्हाई.” तिनं चाचपडत त्याच्या गालावरून हात फिरवला. “काय खाल्लंस का रं?”

उपाशी तीच होती. नागनाथला हुंदका आवरेना.

त्यानं किल्ली काढून तुळसाक्काच्या हातात दिली. सगळ्यांना भोवती बसवून एकेक घर, एकेक औषध सांगत गेला. तिन्हीसांजेपर्यंत त्यांच्यातल्या चौघांना सगळं तोंडपाठ झालं. जिजाक्का कोपऱ्यात पेज पीत होती.

बाबांनी घोंगडी उचलली, झटकली आणि आपल्या आसनावर अंथरली.

“हे काय, बाबा?”

“उद्या मी आजारी पडणार आहे.”